पासवर्ड बदलला तरी तो सर्व्हरमध्ये येतच राहिला

देवगडच्या आमच्या बागेतल्या हापूसची ऑनलाइन मागणी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर येते. तो बसवून देणारा माणूस ओळखीतूनच आला होता. "पासवर्डची भानगड नको काका, एसएसएच की लावून देतो, कोणी आत शिरणार नाही," असं त्याने बाबांना सांगितलं. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित वाट. तिथे पासवर्डऐवजी कीची जोडी चालते: पब्लिक की सर्व्हरवर कुलपासारखी, प्रायव्हेट की आपल्याजवळ किल्लीसारखी. पद्धत खरंच चांगली आहे. पण त्याने कीची जोडी स्वतःच्या लॅपटॉपवर बनवली आणि त्यातली प्रायव्हेट की व्हॉट्सॲपवर धाडली. म्हणजे तिची प्रत त्याच्याकडे राहिलीच.

ऐन एप्रिलमध्ये त्याने देखभालीचे ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले. बाबा नाही म्हणाले. मग पैसे भरायच्या पानावरचा क्यूआर कोड बदलला गेला. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांनी पेट्यांचे पैसे भरले, ते आमच्या खात्यात आलेच नाहीत. पासवर्ड बदलून जुना कोड लावला, तर सकाळी पुन्हा त्याचाच.

कीने येणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. सर्व्हरवर 'ऑथराइज्ड कीज' नावाची फाइल असते, तिच्यात एका ओळीला एक पब्लिक की. आमच्या फाइलमध्ये एक ओळ जास्त निघाली, शेवटी 'बॅकअप' असं लिहिलेली. ती टीप कोणीही काहीही लिहू शकतो, तिच्यावर जाऊ नका. तीच ओळ रूटच्या, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्यातही होती. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, कीने झालेल्या प्रत्येक लॉगिनपुढे त्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, उमटतो. रात्रीच्या लॉगिनचा फिंगरप्रिंट याच ओळीशी जुळला. काही पुसण्याआधी लॉग आणि ती फाइल उतरवून घ्या, पुरावा तोच.

कृपा करून कीची जोडी आपल्याच कॉम्प्युटरवर बनवा, पासफ्रेज, म्हणजे त्या प्रायव्हेट कीचाच पासवर्ड, घालून. कारागिराला लागते ती फक्त पब्लिक की. त्याला काम करायचं तर त्याच्या कीची वेगळी ओळ घाला आणि काम संपल्यावर काढा. ओळ काढली तरी आधीच चालू असलेलं सेशन तुटत नाही, तेही बंद करा. पासवर्ड लॉगिन बंद करायचं तर आधी दुसऱ्या खिडकीतून की चालते का ते पाहा, नाहीतर आपणच बाहेर राहू.

ज्याच्या हातात रूट होतं, त्याने आणखी काय पेरून ठेवलंय ते छातीठोक सांगता येत नाही. म्हणून आम्ही नवा सर्व्हर घेतला. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे उशीर नको. आमची तक्रार चालू आहे. ज्यांचे पैसे गेले त्या सगळ्यांना बाबांनी पेट्या पाठवल्या.