ॲझोटोबॅक्टरचं पाकीट: दोन हंगामांनंतर

मंगळवेढ्याकडची काळी, चुनखडीची जमीन. सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के. विहिरीला पाणी आहे म्हणून खरिपात मका आणि त्याच रानात रब्बीला मालदांडी ज्वारी. दोन्ही वेळा बियाण्याला ॲझोटोबॅक्टर, म्हणजे हवेतला नत्र धरणारा जिवाणू चोळला, दहा किलोला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून सावलीत सुकवलं.

मक्यात काडीचाही फरक दिसला नाही. पाकिटाला शिव्या घातल्या, पण चूक माझी होती. पेरताना युरिया नेहमीइतकाच दिला होता. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला या जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान 16 रेणू खर्चावे लागतात. युरियातून मुळाशी तयार अमोनिया मिळाल्यावर तो कशाला राबेल? नत्र धरणारं विकर (एन्झाइम) तयार करणंच तो थांबवतो.

रब्बीत युरिया पेरणीला दिलाच नाही. मक्याची ताटं कुट्टी करून गाडली, शेणखतात सुपर फॉस्फेट मुरवून टाकलं. जनावरांपुढची वैरण मातीत घातली म्हणून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. शेणखतात मुरवायचं कारण, आमच्या चुनखडीत स्फुरद (फॉस्फरस) नुसता टाकला की अडकून बसतो, आणि एटीपी बनायला स्फुरदच लागतो.

पुढे तीन आठवडे ज्वारी पिवळीधमक. ताटं कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात, हे वाचून माहीत होतं, तरी रोज बांधावर जाऊन पोटात गोळा यायचा. वडील म्हणाले, "टाक की चार मुठी युरिया, कसली परीक्षा बघतोस?" नाही टाकला. महिन्याने रान सावरलं.

पण आता खरं सांगतो. चार ओळी मुद्दाम बिनजिवाणूच्या पेरल्या होत्या. त्याही जवळजवळ तेवढ्याच आल्या. चोळलेल्या ओळींत मुळं थोडी दाट होती, पण हा जिवाणू वाढीची संप्रेरकंही सोडतो, त्यामुळे ते नत्राचंच काम म्हणता येत नाही. बरीचशी कमाल शेणखताची. हिशेबच बघा ना, प्रयोगशाळेत एक ग्रॅम साखर खाऊन हा गडी 10 ते 20 मिलीग्रॅम नत्र धरतो. म्हणजे 10 किलो नत्राला, युरियाच्या अर्ध्या गोणीत असतो तेवढ्याला, अर्धा ते एक टन साखर! 0.4 टक्के कर्बाच्या रानात एवढं खाणं आणायचं कुठून?

दुकानदाराने वर मॉलिब्डेनमची पुडी गळ्यात मारायला बघितली. त्या विकराला मॉलिब्डेनम आणि लोह दोन्ही लागतात हे खरं, पण आठच्या वर सामू असला की मॉलिब्डेनम आपसूक सुटं होतं, अडतं ते लोह. पुडी परत केली.

पाकीट पुन्हा घेईन, पण शेणखताची ट्रॉली आल्यावर. आणि पत्र्याखाली उन्हात पाकिटांची थप्पी लावून जिवाणू मारणाऱ्या त्या दुकानातून तर नाहीच.