मत्स्यपालनाच्या तळ्यात टाकायची प्रोबायोटिक पावडर: कामाची आहे पण जादू नाही
बॅसिलस नावाच्या उपयोगी जिवाणूंची पावडर वापरतोय, कंपनीचं नाव राहू दे. तळाचा काळा गाळ आणि तो सडक्या अंड्यासारखा वास बराच कमी झाला, हे मान्य, कारण उरलेलं खाद्य आणि विष्ठा हे जिवाणू खाऊन टाकतात. पण पाकिटावर 'अमोनिया गायब' छापलंय ते जरा अतीच, अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास जिवाणू वेगळे आणि ते वाढतातही सावकाश, त्यात पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून टेस्ट किट फेकू नका. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवूनच टाका, जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतोच ना. क्लोरीनच्या पाण्यात भिजवली तर मरतात बिचारे. सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या संख्येचा, आकडा मोठ्ठा छापलाय, एक्सपायरी मात्र टॉर्च मारून शोधावी लागते. तीन स्टार.