मुलाखतीत मामाला फोन लावायला सांगितला, तेव्हाच उठायला हवं होतं

परभणीत लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला झालं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरायला लागली. 'फील्ड ऑफिसर पाहिजेत. कृषी पदविका किंवा बारावी. पगार १८ हजार, टीए-डीए वेगळा. थेट मुलाखत. कोणतीही फी नाही.' शेवटच्या तीन शब्दांनी माझा घात केला. नोकरीच्या नावाखाली नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ट्रेनिंगचं डिपॉझिट उकळतात हे मला माहीत होतं. इथं फीच नाही म्हटल्यावर मी बाकी काही तपासलं नाही.

मी तेव्हा सेलूत एका कृषी सेवा केंद्रात काउंटरला होतो. तीन वर्षं झाली होती, पगार आठ हजार. कंपन्यांचे एमडीओ, म्हणजे गावोगाव फिरून माल खपवणारे प्रतिनिधी, मोटरसायकलवर यायचे, मालकांशी ऑर्डरचं बोलायचे, चहा पिऊन पुढच्या गावाला जायचे. मला तसं व्हायचं होतं. काउंटरवर उभं राहून पिशव्या मोजण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

मुलाखत परभणीत, स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये. सकाळच्या गाडीनं गेलो. पन्नास-साठ पोरं होती, जिंतूरची, पाथरीची, मानवतची. मे महिन्यातल्या परभणीत साहेब ब्लेझर घालून बसले होते, यावरूनच माणूस इथला नाही हे कळायला पाहिजे होतं. मला त्याचं कौतुक वाटलं.

आता प्रश्न काय विचारले ते सांगतो, कारण सगळं त्यातच होतं. सोयाबीनला बीजप्रक्रिया कशाची करता, कापसावर गुलाबी बोंडअळी दिसली तर काय सांगाल, कुठल्या डीलरचा धंदा किती, असलं एकही विचारलं नाही. विचारलं ते हे: गाव किती उंबऱ्यांचं? त्यातली ओळखीची किती? वडील सोसायटीत आहेत का? भजनी मंडळात कोण? सासुरवाडी, आजोळ, बहिणीचं गाव कोणतं? तुमच्या शब्दावर पैसे देतील अशी माणसं किती? मी उत्साहात सांगत गेलो. वाटलं, आपली पत जोखतायत. जोखतच होते म्हणा.

मग साहेब म्हणाले, "पेन विकून दाखवा असलं आम्ही सांगत नाही. खरा माणूस विका. मामांना फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि पाचशेचं बुकिंग घ्या."

लावला. मामा शेतात होते, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी सांगितलं, नवीन कंपनी आहे, सोयाबीन-कापसाचं जैविक पॅकेज, एकूण दोन हजारांचं, आज पाचशे आगाऊ, माल मृगाच्या आत घरपोच. मामांनी कंपनीचं नावसुद्धा विचारलं नाही. "तू म्हणायलास ना, मग लिही माझं नाव." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझी जागेवर निवड झाली. त्या टाळ्या आठवल्या की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

निवड झालेल्या आम्हा सगळ्यांना एक फॉर्म दिला. शंभर शेतकऱ्यांची यादी करायची: नाव, गाव, मोबाईल, किती एकर, कोणतं पीक. नाव होतं 'मार्केट सर्व्हे'. मी दोन रात्री बसून ती भरली, कंदुरीला कोण कोण येतं इथपासून आठवून आठवून. मामांची जमीन चार एकर दहा गुंठे. रकान्यात गुंठे बसत नव्हते, म्हणून पाच लिहून टाकले.

मोबाईलवर नेमणूकपत्र आलं. पहिले पंधरा दिवस 'ट्रायल', त्यात पगार नाही, प्रत्येक बुकिंगमागं पन्नास रुपये, आणि टार्गेट पूर्ण केलं तरच कायम. पावतीपुस्तक कुरिअरनं आलं. पैसे घ्यायला एक क्यूआर कोड. स्कॅन केला की कंपनीचं नाव न दिसता कुणा एका माणसाचं नाव दिसायचं. विचारलं तर म्हणाले, "अकाउंट्सच्या साहेबांचं आहे, कंपनीचं करंट खातं या आठवड्यात जोडतोय." मी हेच पुढं शेतकऱ्यांना सांगत राहिलो.

पंधरा दिवसांत अठ्ठावन्न बुकिंग. एकेचाळीस जणांनी स्वतः क्यूआरवर टाकले, सतरा जणांनी रोख दिले आणि ते मी माझ्या खात्यातून पुढं पाठवले. सगळे मिळून एकोणतीस हजार. प्रत्येक पावतीवर सही माझी. कंपनीतल्या कुणाची सही कुठल्याच कागदावर नव्हती, हे मला त्या वेळी खटकलं नाही.

मृग लागला. पाऊस झाला. माल आला नाही. ७ जूनला साहेबांचा फोन चालू होता, ९ तारखेला बंद. ग्रुपमधून आम्हाला एकेक करून काढलं. लॉजवर चौकशी केली तर हॉल एका दिवसासाठी घेतला होता, भाडं रोख.

सगळ्यात जास्त लाज मालकांसमोर वाटली. त्यांच्याकडंच उभा राहून मी तीन वर्षं खतं विकली होती. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "आपल्या दुकानात एखाद्या कंपनीचं खत ठेवायचं तर आपण आधी काय मागतो?" ओ फॉर्म मागतो, म्हणजे माल कुणाकडून येतो त्याचं कंपनीनं दिलेलं प्रमाणपत्र. त्याशिवाय परवान्यात ते उत्पादन चढत नाही. वनस्पती वाढीची जैविक उत्तेजकंसुद्धा २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत, तीही कुणी मोटरसायकलच्या डिक्कीतून विकू शकत नाही. फाईल मीच लावायचो. दारोदार फिरताना मात्र माझ्याकडं ना परवाना होता, ना बिल, ना मालाचं लेबल. म्हणजे कंपनी खरी असती तरी मी जे करत होतो ते चूकच होतं.

नेमणूकपत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. त्यावर कंपनीचा नोंदणी क्रमांक होता. तो एकवीस अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यातच राज्य आणि नोंदणीचं वर्ष येतं. आमच्या पत्रावर वर 'स्थापना २००९' छापलेलं, आणि खाली क्रमांकात २०२१. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला, तर भलत्याच धंद्यातल्या भलत्याच कंपनीचा निघाला. पाच मिनिटांचं काम, फुकट. जायच्या आधी केलं असतं तर एवढं सगळं लिहायची वेळ आली नसती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी तक्रार घेतली, पण पैसे पुढं काढून घेतलेले असणार हेही सांगितलं. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, लगेच कळवलं तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता राहते. मी शेवटच्या व्यवहारानंतर दहा दिवसांनी लावला. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला गेलो आणि तिथं कळलं की माझ्याच विरुद्ध एक अर्ज आधी आलेला आहे. शेजारच्या गावातल्या एका काकूंनी दिला होता. त्यांच्या हातात माझ्या सहीची पावती होती, त्यांनी दुसरं काय करायचं? माझा जबाब घेतला. सतरा व्यवहार माझ्या खात्यातून गेलेले, ते समजावताना घशाला कोरड पडली. जाहिरात, नेमणूकपत्र, चॅट मी काही पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. पोरांनो, राग आला तरी चॅट डिलीट करू नका.

घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "लोकांचे देऊन टाकू." दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघालं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, पण माल ओला, मोंढ्यात चार हजारच भाव मिळाला. सव्वासात क्विंटल त्यात गेलं, म्हणजे आमचं एका एकराचं पीक. मी पावत्या परत घेत गावोगाव फिरलो. मामांनी पाचशे घेतले नाहीत, पावतीही दिली नाही. म्हणाले, "राहू दे, आठवण म्हणून." ते चेष्टेत म्हणाले की रागात, हे मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी जालन्यात एका खऱ्या बियाणे कंपनीत मुलाखत दिली. दीड तास चालली. सेलू तालुक्यात सोयाबीनचा पेरा कसा बदलला, डीलर उधारी किती दिवसांची मागतात, माल पडून राहिला तर तुम्ही काय कराल, दिवसाला किती गावं करता, गाडीचं लायसन्स आहे का. नातेवाइकांबद्दल एक शब्द नाही. माझी निवड झाली नाही, पण परत येताना हलकं वाटत होतं.

हे सगळं आता लिहायला बसलो, त्याला कारण मागच्या आठवड्यातलं. मामांना एक फोन आला. पीएम किसानचा हप्ता अडकलाय, एक फाईल पाठवतो, मोबाईलमध्ये टाका. मामांनी ती उघडली नाही, आधी मला विचारलं, एवढं नशीब. मी म्हटलं, "मामा, ते असल्या फाईलीतून मोबाईलच ताब्यात घेतात, सरकार असं काही पाठवत नाही." ते म्हणाले, "ते खरं रे, पण त्याला माझं नाव, गाव, पीक, सगळं माहीत होतं. नुसतं एकच चुकलं त्याचं. म्हणला, तुमची पाच एकर ना?"

त्या यादीतले उरलेले नव्याण्णव नंबर मी कालपासून एकेक करून लावतोय. आज सकाळपर्यंत त्रेसष्ट झाले.