दारू सोडायची ठरल्यावर: रुग्णालय, निवासी केंद्र की एएची मीटिंग?

घरातला माणूस "मला आता सोडायची आहे" असे म्हणतो, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा "कुठे ठेवायचे?" हा असतो. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आम्हीही तेच विचारत फिरलो. आज मागे वळून पाहताना वाटते, की त्याआधी सकाळच्या चहाकडे बघायला हवे होते. भावाला भरलेला कप एका हाताने उचलता येत नसे. दोन्ही तळव्यांत धरून तो कप टेबलावरच ठेवायचा आणि तोंड खाली नेऊन पहिला घोट घ्यायचा. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी असे थरथरत असतील, अंगाला घाम सुटत असेल, पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत तीव्र भ्रमाचा धोका असतो, आणि हा भ्रम जिवावर बेतू शकतो. "खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल" हा सल्ला म्हणूनच कोणी कितीही आपुलकीने दिला तरी ऐकू नये.

हा टप्पा रुग्णालय सर्वांत चांगला सांभाळते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात थरथर आणि फिट रोखणारी औषधे व बी-१ जीवनसत्त्व देऊन शरीर सावरले जाते, यकृताची तपासणी होते आणि सरकारी ठिकाणी खर्चही आवाक्यात राहतो. पुढे ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधे बाह्यरुग्ण विभागातून घेऊन नोकरी सांभाळत उपचार चालू ठेवता येतात. कामधंदा शाबूत आहे, घरी विश्वासाने गोळी देणारे कोणी आहे आणि माणूस स्वतःहून तपासणीला जातो, अशा घरासाठी माझ्या मते हाच पहिला पर्याय. त्याची उणीव मात्र स्पष्ट आहे: बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत मनातले बोलायला वेळ मिळत नाही आणि संध्याकाळी माणूस त्याच नाक्यावरून, त्याच मित्रांसमोरून घरी येतो.

याच ठिकाणी एका गोळीविषयी बोलणे भाग आहे. डायसल्फिराम घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ही गोळी रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. तरीही ती आमटीत मिसळून नकळत देण्याचे सल्ले आजही सर्रास दिले जातात. तसे करणे जिवाशी खेळणे आहे, आणि ते उघडकीला आले की माणूस घरच्या ताटावरचाही विश्वास गमावतो.

निवासी केंद्र माणसाला त्या नाक्यापासून काही काळ दूर नेते. महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे पुण्यातले मुक्तांगण. तरुण मुले गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडत असताना डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केले. तिथला उपचार ३५ दिवसांचा असतो. दिनक्रम, गटचर्चा, समुपदेशन आणि पूर्वी स्वतः व्यसनात असलेल्या कार्यकर्त्यांचा सहवास यांतून "माझे काही बिघडलेलेच नाही" हा हट्ट हळूहळू सुटतो, आणि घरी राहून हे फार अवघड जाते. वारंवार घसरण झाली असेल, घरात मारहाण होत असेल किंवा एकटेपणा असेल, तर खर्च आणि रजेची ओढाताण सोसूनही निवासी उपचार घ्यावा.

सगळी केंद्रे मात्र सारखी नसतात, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळले. नाव सांगत नाही, पण एका ठिकाणी आम्हाला तीन आठवडे भावाशी फोनवर बोलू दिले नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांनाही लागू होतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने स्पष्ट बंदी घातली आहे आणि कुटुंबाशी संपर्क साधण्याचा हक्कही दिला आहे. "आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो" असे अभिमानाने सांगणाऱ्या केंद्राची पायरी चढू नये. नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात आणि घरी सोडल्यावर पाठपुरावा कसा होतो, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर पुढची चौकशी करण्याची गरज नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला फी नसते, अर्ज नसतो आणि आडनावही कोणी विचारत नाही. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या या बंधुभावात दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या खोलीत माणूस उठून आपले नाव आणि "मी मद्यपी आहे" एवढे सांगतो, मग बोलू लागतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्याला उपदेश करत नाही. रात्री अकराला ओढ अनावर झाली, तर ज्याला फोन करता येईल असा स्पॉन्सर, म्हणजे आधीच दारू सोडलेला जुना सभासद, इथेच मिळतो. एएने व्यसनमुक्तीसाठी आखलेल्या बारा पायऱ्यांमधली ईश्वराची भाषा काहींना रुचत नाही. एका गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. मीटिंग हा शारीरिक त्रासावरचा इलाज मात्र नाही. आधी डॉक्टर आणि मग वर्षानुवर्षे मीटिंग, हा क्रम भावाला मानवला.

ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य नशेचा हिशेब निराळा आहे. ती तोडताना होणारा त्रास असह्य असला, तरी खरा धोका पुढे असतो. महिनाभर दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. म्हणून अशा व्यक्तीसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ ब्युप्रेनॉर्फिन (ओढ शमवणारे, स्वतःही अफूजन्य गटातले औषध) घेण्याचा पर्याय निवासी केंद्राआधी समजून घ्यावा. "एक नशा सोडून दुसरी" या टोमण्याने तो नाकारू नये.

आणि माणूस कशालाच तयार नसेल, तर? केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी घरच्यांसाठीही आहे. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या भरतात, आणि तिथे जायला त्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. भाऊ पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला, त्याच्या पाच महिने आधीपासून वहिनी दर गुरुवारी त्या सभेला जात होत्या.