ए१०व्हीएसओ ४५: पंप उत्तम, पण ड्रेनची लाइन नीट टाकली तरच

रेक्सरोथच्या ए१०व्हीएसओ मालिकेतला हा हायड्रॉलिक पंप: एका फेरीत ४५ सीसी तेल ढकलणारा, स्वॉशप्लेटचा, म्हणजे तिरक्या प्लेटच्या कोनाने पिस्टनचा स्ट्रोक कमी-जास्त करणारा. ९ पिस्टन, सलग कामाला २८० बार, क्षणभरासाठी ३५० बार. १४५० आरपीएमवर हिशेबाने मिनिटाला सुमारे ६५ लिटर तेल. २०० बारला पूर्ण प्रवाह हवा असेल तर तेलातली शक्तीच जवळपास २२ किलोवॅट होते, म्हणजे शाफ्टवर २४ तरी लागणार. तरीही २२ ची मोटर लावून ‘कॉम्पेन्सेटर सांभाळून घेईल’ म्हणणारे खूप आहेत. कॉम्पेन्सेटर म्हणजे स्वॉशप्लेटचा कोन आपोआप बदलणारे नियंत्रण. त्यातला डीएफआर प्रकार दाब आणि प्रवाह पाहतो, शक्ती नाही. मोटर वाचवायची असेल तर शक्तीवरही मर्यादा ठेवणारा डीएफएलआर घ्यावा.

पूर्ण स्ट्रोकवर पंप खरोखर सुरेख चालतो. कमी स्ट्रोकवर मात्र चित्र बदलते. पंपाच्या आतल्या फटींतून होणारी गळती मुख्यतः दाबावर ठरते, स्ट्रोकवर फारशी नाही. समजा २०० बारला मिनिटाला ३ लिटर गळतात. ६५ लिटरमागे हे साडेचार टक्के. स्वॉशप्लेट पाव कोनावर आली की १६ लिटरमागे तेच १८ टक्के. म्हणून ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठा पंप घेऊन तो दिवसभर पाव स्ट्रोकवर चालवणे म्हणजे वीज जाळून टाकी तापवणे.

तापलेली टाकी गळती आणखी वाढवते. ४६ ग्रेडचे तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचे माप), तर ६० अंशांना साधारण २१-२२ उरते. या पंपाला १६ ते ३६ सेंटिस्टोक मानवते. त्यात झिजेची भर पडली की गोष्ट हाताबाहेर जाते, कारण फटीतली गळती फटीच्या घनाप्रमाणे वाढते: फट दुप्पट, गळती आठपट. फिल्टरवर काटकसर करू नये ती यासाठीच. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ (तेलातल्या कणांच्या मोजणीचे मानक) प्रमाणे २०/१८/१५ किंवा त्याहून चांगली हवी.

आता बसवणी. बहुतेक पंप इथेच मरतात. केसचा ड्रेन, म्हणजे पंपाच्या कवचात गळून जमलेले तेल बाहेर नेणारी नळी, सर्वात वरच्या पोर्टमधून काढावा, रिटर्न लाइनला न जोडता स्वतंत्रपणे टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडावा. केसमधला दाब निरपेक्ष (हवेचा दाब धरून) २ बारच्या वर जाता कामा नये. तो वाढला की आधी शाफ्ट सील जाते आणि सक्शन (तेल आत ओढण्याच्या) स्ट्रोकमध्ये स्लिपर, म्हणजे पिस्टनच्या टोकाचे सरकते पाय, स्वॉशप्लेटवरून उचलले जातात. सुरू करण्याआधी केस तेलाने काठोकाठ भरावी. कोरडी फिरवली तर स्लिपर पहिल्या काही सेकंदांतच खरवडतात. सक्शनला निरपेक्ष ०.८ बारच्या खाली जाऊ देऊ नये.

डीएफआर आणि डीएफआर१ यांतली गल्लतही नेहमीची. डीएफआरमध्ये एक्स लाइनचा, म्हणजे लोडचा दाब पंपाला कळवणाऱ्या नळीचा, दाब आतल्या छिद्रातून टाकीकडे झिरपतो, डीएफआर१ मध्ये ती वाट बंद असते. तिथे व्हॉल्व्हने मधल्या स्थितीत एक्स लाइन मोकळी केली नाही, तर दाब अडकून राहतो आणि पंप स्टँडबायला (काम नसताना कमी दाबावर थांबण्याला) येतच नाही. मग लोक पंपाला दोष देतात.

उघडलेल्या पंपात आधी पोर्ट प्लेट (तेल आत-बाहेर वाटणारी प्लेट) पाहावी. मूत्रपिंडाच्या आकाराच्या खाचांमधल्या पट्टीवर नख फिरवावे. अडकले तर ती प्लेट परत बसवू नये. खाचेच्या टोकाशी बारीक खड्डे दिसले तर सक्शनमध्ये हवा किंवा अडथळा शोधावा, नुसती प्लेट बदलून उपयोग नाही. पिस्टन धरून स्लिपर ओढून पाहावा, खटखट लागली तर पिस्टनच्या गोळ्याची स्लिपरमधली बैठक सैल झाली आहे. फिल्टरमध्ये पितळी चमक दिसली असेल तर ती बहुधा इथलीच.

नवा पंप लागला त्याच दिवशी ड्रेनचे तेल एक मिनिट मापात धरावे आणि लिटर, दाब, तापमान हे तीन आकडे पंपावरच रंगाने लिहून ठेवावेत. नंतरचे प्रत्येक माप त्याच दाबाला, त्याच तापमानाला घ्यावे.