जेट्टीच्या दुरुस्तीसाठी घेतलेला मिनी ट्रॅक्टर आणि गेलेले २,९१,५०० रुपये

आधी रक्कम सांगतो, कारण ती लपवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. इसार म्हणून २१,००० रुपये यूपीआयने दिले, २,४०,००० रुपये आरटीजीएसने पाठवले आणि उरलेले २४,००० रुपये रोख मोजले, ज्यांची पावती माझ्याकडे नाही. ट्रॅक्टर टेंपोवर चढवून आणण्याचे ६,५०० रुपये वेगळे. हे २,९१,५०० रुपये मी अशा ट्रॅक्टरसाठी दिले, जो माझ्याकडे येण्यापूर्वीच कुठेतरी पाण्यात बुडून बाहेर काढलेला होता आणि ज्याच्यावर कर्जाचा बोजाही तसाच होता.

धरणाच्या जलाशयाकाठी आमच्या तीन बोटी चालतात. त्यांच्यासाठी पिंपांवर तरंगणारी, लोखंडी सांगाड्याची आणि वरून फळ्या ठोकलेली जेट्टी आहे. तिची मोठी दुरुस्ती वर्षातून एकदाच करता येते, ती म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाला गेले आणि काठ उघडा पडला की. तेवढ्या चार आठवड्यांत सांगाड्याचे भाग ओढून वर घ्यायचे, गंजलेले कोन बदलायचे, काठावर दगड टाकायचा आणि बांधून घालण्याचे खांब नव्याने रोवायचे असतात. जेसीबी त्या गाळात उतरवला तर तोच रुतून बसतो. साधारण टनभर वजनाचा, चारही चाकांना जोर असलेला, पुढे लोडर आणि मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोराने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, खड्डे पाडण्याचे यंत्र चालवू शकणारा मिनी ट्रॅक्टर या कामाला चपखल बसतो, हे मी दुसऱ्यांच्या काठावर स्वतः पाहिले होते. त्यामुळे माझा निर्णय चुकीचा नव्हता आणि आजही मी तो चुकीचा मानत नाही. नवा घेण्याइतके पैसे नव्हते, पाऊस महिन्यावर आला होता आणि जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करणाऱ्या त्या माणसाला मी घाईत आहे हे पहिल्या फोनमध्येच कळले होते. तुम्हाला कधीपर्यंत काम संपवायचे आहे, हे विक्रेत्याला कधीही सांगू नका.

ट्रॅक्टर पाहायला गेलो तेव्हा तो धुऊन, रंग मारून उभा होता. मीटरवर ६१२ तास दिसत होते. क्लचच्या पायट्याचे रबर मात्र मधोमध झिजून आतले लोखंड चकाकत होते, आणि सहाशे तासांत रबर इतके जात नाही हे मला कळायला हवे होते. डाव्या दिव्याच्या काचेत आतल्या बाजूने बारीक वाळलेल्या मातीची एक आडवी, अगदी सरळ रेघ होती. ती मी पाहिली, तिच्यावर बाहेरून बोट फिरवले आणि पुसली जात नाही म्हणून सोडून दिली. माती काचेच्या आत पोहोचायला पाणी तितक्या उंचीपर्यंत चढावे लागते, हा साधा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही.

त्यानंतर मागच्या गिअरबॉक्सची तेलपट्टी, म्हणजे तेल तपासण्याची पट्टी, मी स्वतः बाहेर काढली. मिनी ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअर आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, म्हणून ते पाहायलाच हवे इतके मला ठाऊक होते. पट्टीवरचे तेल दुधाळ होते, दूध जास्त झालेल्या चहासारखे. मी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, चार महिने शेडमध्ये उभा होता, दमटपणा धरलाय. तेल बदललं की झालं, तेलाचे पैसे मी कमी करतो." उभ्या यंत्रात हवेतल्या दमटपणाने तेल थोडे पांढुरके होते हे खरे आहे, म्हणूनच मला त्याचे म्हणणे पटले. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहितो आहे, पण खोटे लिहीत नाही. त्याने तेलाचे म्हणून ३,००० रुपये कमी केले आणि तेवढ्यावर मी समाधान मानले. त्या पट्टीपाशी मी थांबायला हवे होते. तिथून परत फिरलो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते.

दुधाळ तेल दिसले तर एकच गोष्ट करा. ट्रॅक्टर रात्रभर जागेवरून हलवू न देता सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढण्याचे बूच, थोडासा सैल करून पाहा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. विक्रेता यासाठी एक रात्र थांबायला तयार नसेल, तर तो का तयार नाही हे तुम्हाला कळलेच आहे.

काम सुरू केले आणि दुसऱ्याच दिवशी, सांगाड्याचा तिसरा भाग ओढत असताना, हायड्रॉलिकने उचललेला भार आपोआप खाली येऊ लागला. पुढच्या चाकांचा जोर लावण्यासाठी दांडा ओढला, पण तो अर्ध्यावरच अडकला. चढावर ट्रॅक्टर मागे, पाण्याच्या दिशेने, घसरू लागला आणि आमचा एक मुलगा साखळीच्या बाजूला उभा होता. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे भार ओढण्याच्या मागच्या पट्टीलाच, बांधलेली होती म्हणून पुढची चाके जमिनीवर राहिली. ती वरच्या जोडाला बांधली असती तर ट्रॅक्टर मागे उलटून माझ्याच अंगावर आला असता. साखळी नेहमी खालीच बांधा, ट्रॅक्टर नवा असो की जुना. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी प्लग उघडला तेव्हा आधी सुमारे अर्धी बादली पाणी आले आणि मग तेल आले. पुढच्या आसाच्या बेअरिंगमध्ये गंज आणि गाळ होता. दुरुस्तीचा अंदाज त्याने ७८,४०० रुपये सांगितला. तेव्हा मी इतका संतापलो होतो की ती बादली कोणी ओतून दिली तेही पाहिले नाही, आणि ते मला पुढे फार महागात पडले.

कागदपत्रांचीही तीच गत होती. बोजा उतरल्याचे म्हणून त्याने दिलेले वित्त कंपनीचे पत्र बनावट निघाले. वाहनाच्या नोंदीत कर्जाची नोंद तशीच आहे, आणि ही गोष्ट मोबाईलवर वाहन क्रमांक टाकून दोन मिनिटांत पाहता येते. मी ती पैसे दिल्यानंतर अकराव्या दिवशी पाहिली. मालकी हस्तांतरणाचे नमुने २९ आणि ३० त्याने सही करून दिले होते. बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मात्र वित्त कंपनीच्या सही-शिक्क्याशिवाय निरुपयोगी असतो. तो हातात येईपर्यंत इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नका. वित्त कंपनीला बाकी किती हे विचारले, तर तुम्ही आमचे कर्जदार नाही, असे सांगून त्यांनी माहिती नाकारली. त्याच कंपनीचा वसुलीचा माणूस पुढे दोनदा जेट्टीवर येऊन ट्रॅक्टर ओढून नेण्याची भाषा करून गेला.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी सांगण्यात आले की साहेब बंदोबस्ताला गेले आहेत. दुसऱ्या वेळी हा दिवाणी वाद आहे असे सांगितले. बनावट पत्र समोर ठेवल्यावर, व्यवहार दुसऱ्या हद्दीत झाला म्हणून तिकडे जा असे सुचवले, आणि तिकडच्या ठाण्याने, तुम्ही राहता तिथे जा, म्हणून परत पाठवले. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले असताना मला २१० किलोमीटरच्या फेऱ्या कशासाठी मारायला लावल्या, याचे उत्तर कोणीही दिले नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर माणूस समोर भेटलेला असल्यामुळे ही सायबर फसवणूक नाही असे ऐकायला मिळाले. परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर मला बनावट पत्राची तक्रार पोलिसांत करायला सांगितले. प्रत्येक जण मला दुसऱ्याकडे पाठवत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात, एवढा शिकलेला माणूस कसा फसला, हा प्रश्न असे. फसवणाऱ्याला मात्र तोपर्यंत एकानेही फोन केला नव्हता. शेवटी त्याच कलमाच्या पोटकलम ४ नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवला, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली गुन्हा दाखल झाला. तोंडी तक्रारीवर विसंबू नका. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

ग्राहक आयोगाकडेही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. विक्रेत्याचा पहिला आक्षेप, खरेदी व्यापारी कारणासाठी होती, असा आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यात मोडत नाही, म्हणून त्याची मला चिंता वाटत नाही. दुसरा आक्षेप मात्र रात्री झोपू देत नाही. ट्रॅक्टर तुम्ही जलाशयाकाठी चालवला, त्यामुळे पाणी तुमच्याच काठावर शिरले, असे त्याने लिहून दिले आहे. पाण्याजवळच्या कामासाठी जुने यंत्र घेणाऱ्याने हे नीट ध्यानात घ्यावे. ते काठावर उतरवण्यापूर्वी स्वतःच्या मेकॅनिककडून तपासून लेखी अहवाल घ्या आणि तेलाचा नमुना साक्षीदारांसमोर बाटलीत भरून सील करा. माझ्याकडे ना अहवाल होता, ना बादलीतले पाणी.

माझ्याकडे आहे ती फक्त खरेदीच्या दिवशी पुतण्याने मोबाईलवर काढलेली चित्रफीत. लोडर कसा उचलतो हे घरी दाखवण्यासाठी ती काढली होती. शेवटी चार सेकंद तेलपट्टी दिसते, तिच्यावरचे दुधाळ तेल दिसते, विक्रेत्याचे दमटपणाचे वाक्य ऐकू येते आणि त्यावर "बरं, चालेल" असे म्हणणारा माझा आवाज येतो. ती मी पुरावा म्हणून दाखल केली आहे.