गूगल प्लस की व्हॉट्सॲप?

हिंगणघाटच्या बाजारातला कापसाचा भाव आमच्या गावात व्हॉट्सॲपवर येतो. फोन नंबर असला की झालं; सोयरे, कृषी केंद्रवाला, सगळे आधीच तिथं.

गूगल प्लस, म्हणजे गूगलचं फेसबुकसारखं समाजमाध्यम, जून २०११ मध्ये आलं, तेही सुरुवातीला निमंत्रणावर. माणसं 'सर्कल'मध्ये वाटा म्हणे! इथं चुलतभाऊच शेजारी अन् तोच सोसायटीचा मेंबर. त्याला टाकायचं कोणत्या रिंगणात? जीमेलवाल्यांची खाती झाली, पण पारावर माणूसच नसेल तर बसायचं कोणासंग? २०१३ मध्ये यूट्यूबच्या कमेंटसाठीही ते गळ्यात मारलं. एप्रिल २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. त्याआधी गूगलनंच सांगितलं होतं, ९० टक्के भेटी पाच सेकंदांच्या आतल्या. एवढ्यात तंबाखूही मळून होत नाही.